१६ फोटो काढले, एकही धड नाही. आजोबांच्या भात्याच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह नक्की केवढी?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मी वाईला असते, ब्लाउज-ड्रेस शिवते. फोटोतलं मला फोनपलीकडे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी ओरडायला नको.

दिवाळीत माळा आवरताना आजोबांचा (आईच्या वडिलांचा) घडीचा कॅमेरा सापडला. चामड्याची केस उंदरांनी खाल्लीय, पण आत कॅमेरा ठणठणीत. बटण दाबलं की पुढचं झाकण पडतं आणि भाता (लेन्सच्या मागचा घड्यांचा पडदा) आपोआप उभा राहतो. चामड्यावर ‘बेसा’ असं दाबलेलं आहे. लेन्सच्या कडेला फॉइग्टलेंडर, ब्राउनश्वाइग, स्कोपार १:४.५ आणि १०.५ सेमी असं कोरलंय. शटरवर कॉम्पुर. भाता अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घालून कोपरा न् कोपरा बघितला. कापडातलं भोक शोधायची डोळ्याला सवय आहे, एकही सापडलं नाही.

मग ऑनलाइन १२० चा काळा-पांढरा रोल मागवला, इलफर्ड एचपी फाइव्ह. कॅमेऱ्याच्या पाठीला दोन लाल खिडक्या आहेत, एकमेकींशेजारी. यूट्यूबवर एकजण असाच कॅमेरा घेऊन सांगत होता की दोन खिडक्या असल्या की प्रत्येक आकडा दोनदा वापरायचा: आधी या खिडकीत १, मग त्या खिडकीत १, मग २, पुन्हा २. एका रोलमध्ये १६ फोटो! मी मनात म्हटलं, जर्मन माणूस काटकसरी दिसतो. अगदी तसंच केलं. ढोल्या गणपतीचं देऊळ, घाट, माझा भाचा, आई, दुकानाची पाटी, सगळं काढलं.

पुण्याच्या एका लॅबमध्ये रोल धुवायला दिला. जे आलं ते बघून रडावं की हसावं कळेना. गणपतीच्या देवळातून भाच्याचं डोकं उगवलंय. आईच्या पदरावर दुकानाची पाटी. एकावर एक, एकावर एक, सगळा रोल असाच. वर त्यांनी निगेटिव्ह वाट्टेल तशी कापून दिलीय, एक तुकडा भाच्याच्या कानातून कापलाय.

माझे प्रश्न:
या कॅमेऱ्याची निगेटिव्ह नक्की केवढी? कोणी ६×९ सेंटीमीटर म्हणतं, कोणी ६×६, कोणी ४.५×६. रोल तर सगळ्यांचा एकच, १२०. मग साइज ठरवतं कोण, रोल की कॅमेरा?
शटर बिघडलंय का? म्हणजे एकदा दाबल्यावर दोनदा उघडतं असं काही?
की सगळी चूक माझी?

क्लिकक्लिक

१२० म्हणजे ६×६. आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, त्यात १२ फोटो यायचे, चौकोनी. तुमचं शटर गेलंय, किंवा फिल्म पुढे सरकत नाही. जुन्या कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका, शोकेसमध्ये छान दिसतो.

लालदिवा

क्लिकक्लिक, १२० म्हणजे ६×६ हे तुमच्या क्लिक थ्रीपुरतं खरं. बडोद्याला तयार होणाऱ्या त्या डब्यात चौकट चौकोनी होती म्हणून फोटो चौकोनी. तोच रोल आग्फाच्याच आयसोलीत घातला की ४×४ चे १६ निघतात. रोल बिचारा काही ठरवत नाही. ती नुसती लांब पट्टी आहे.

ताई, तुमचं शटर गेलेलं नाही असं मला जवळजवळ खात्रीने वाटतंय. पण आधी चार गोष्टी बघून सांगा, अंदाजाने नको, पट्टी लावून:

कॅमेऱ्याची पाठ उघडा. आत ज्या चौकोनातून भाता दिसतो, त्या चौकोनाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये.

दोन्ही लाल खिडक्या झाकणाच्या खालच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आहेत, की एक कडेला आणि एक मध्यभागी?

धुतलेल्या रोलचे तुकडे टेबलावर ओळीने जोडा. अगदी सुरुवातीचे चार-साडेचार सेंटीमीटर आणि अगदी शेवटचे तेवढेच, तिथे चित्र एकेरी आणि स्वच्छ आहे का?

मधल्या सगळ्या गोंधळात ठरावीक अंतराने एक बारीक पट्टी इतरांपेक्षा फिकी दिसते का?

सुईदोरा

दादा, तुम्ही माझा रोल बघितलाय का कुठे?

चौकोन ५६ × ८४, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. खिडक्या एकाच ओळीत आहेत, दोन्ही खालच्या कडेजवळ.

आणि हो! सुरुवातीला देवळाचा डावा भाग अगदी सुरेख आलाय. मला वाटलं होतं तेवढा एक फोटो चुकून चांगला निघाला. शेवटच्या टोकाला घाटाच्या पायऱ्या, त्याही स्वच्छ. मध्ये दर साडेचार सेंटीमीटरला एक फिकी पट्टी, आठ-एक मिलिमीटरची. नीट पाहिलं तर त्या पट्टीतही चित्र एकेरीच आहे. हे कसं ओळखलंत?

लालदिवा

ओळखायला फार हुशारी लागत नाही, हा घोळ मी स्वतःच्या हाताने केलेला आहे. १९७८ साली, मामाच्या लग्नात. मामी अजून टोमणे मारते.

आता सविस्तर. दुपारी वेळ आहे आणि पाऊस लागलाय.

१२० ची फिल्म सुमारे ६१ मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्या पाठीला तिच्यापेक्षा लांब कागद. कोडॅकने हा रोल १९०१ साली ब्राउनी नंबर दोन या खोक्याच्या कॅमेऱ्यासाठी काढला आणि तो अजून मिळतो, यातच त्याचं कौतुक आलं. वरच्या-खालच्या कडा कॅमेऱ्याच्या रुळांवर टेकतात, तेवढी जागा गेली की चित्राला ५६ मिलिमीटर उरतात. ही उंची बहुतेक १२० कॅमेऱ्यांत जवळपास सारखीच. बदलते ती फक्त लांबी, आणि ती ठरवतो तुम्ही मोजलात तो चौकोन. ५६ × ८४ ला जग ६×९ म्हणतं, ५६ × ५६ ला ६×६, आणि ५६ × ४२ ला ४.५×६. नावातले सेंटीमीटर ढोबळ आहेत, पट्टीशी जुळले नाहीत म्हणून घाबरायचं नाही. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यात एक-दोन मिलिमीटरचा फरकही असतो. रोलमधून अनुक्रमे ८, १२ आणि १६ फोटो.

म्हणजे तुमचा कॅमेरा ६×९ चा. लेन्सनेही ते आधीच सांगितलं होतं. १०.५ सेमी ही ६×९ ची नेहमीची लेन्स, कारण त्या निगेटिव्हचा कर्णच दहा सेंटीमीटरच्या आसपास येतो. कॅमेऱ्यावर ७.५ सेमी दिसलं असतं तर मी ६×६ किंवा ४.५×६ म्हटलं असतं. जुन्या बाजारात पाठ उघडून बघू देत नाहीत तेव्हा हा आकडा वाचावा.

आता आकडे. फिल्म किती सरकली हे तुमच्या कॅमेऱ्याला स्वतःला कळत नाही. त्यात ना दात, ना काटा. कागदावर छापलेला आकडा लाल काचेतून तुम्ही वाचता, तेवढंच त्याचं गणित. आजच्या रोलच्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा असतात: एका कडेला १ ते ८, ते ६×९ साठी. मध्ये १ ते १२, ६×६ साठी. दुसऱ्या कडेला १ ते १६. खिडकी ज्या रांगेवर येते ती रांग त्या कॅमेऱ्याची. म्हणून मी खिडकी कडेला की मध्ये, असं विचारलं. रशियन मॉस्क्वा-५ ला पण दोन खिडक्या आहेत, पण वेगवेगळ्या रांगांवर, एक ६×९ ला आणि एक ६×६ ला. तिथे एका रोलला एकच खिडकी वापरायची.

तुमच्या दोन्ही खिडक्या एकाच रांगेत आहेत, ८ च्या. ही जुनी युक्ती. कागदावर १६ ची रांग असेलच असं त्या काळी धरता येत नसे. तेव्हा ४.५×६ करायचं तर ८ चे आकडे दोनदा वापरायचे. पहिल्या खिडकीत १ आला की एक फोटो, तोच १ दुसऱ्या खिडकीत आला की फिल्म बरोबर अर्धा टप्पा पुढे गेलेली असते, दुसरा फोटो. यूट्यूबवाला खोटं बोलला नाही.

पण तो अर्धीच गोष्ट बोलला. असे १६ फोटो काढायचे तर आतल्या ८४ च्या चौकोनावर एक पत्र्याची चौकट बसवावी लागते, मधे ४२ चं भोक असलेली. तिला मास्क म्हणतात. तुमच्या कॅमेऱ्यासोबत ती मिळत असे आणि बहुतेक सगळ्यांची हरवते. तुम्ही फिल्म सरकवली अर्ध्या टप्प्याने, म्हणजे साडेचार-एक सेंटीमीटर, आणि चौकोन मात्र उघडा पूर्ण ८४ चा. म्हणून प्रत्येक फोटो पुढच्यावर चढला. पहिल्या फोटोच्या पहिल्या साडेचार सेंटीमीटरवर चढायला आधीचा कोणी नव्हता, म्हणून देवळाचा डावा भाग वाचला. शेवटच्यावर चढायला नंतरचा कोणी नव्हता, म्हणून पायऱ्या वाचल्या. आणि मधली फिकी पट्टी म्हणजे आधीचा फोटो संपल्यावर आणि पुढचा सुरू व्हायच्या आत उरलेली आठ मिलिमीटरची एकेरी जागा. बाकी सगळीकडे दोनदा उजेड लागलाय, म्हणून तिथे निगेटिव्ह जास्त काळी. शटर दोनदा उघडत असतं तर या पट्ट्या आल्याच नसत्या.

तेव्हा शटरला दोष नाही, रोलला नाही, आणि लॅबने कापलं ते चुकीचं असलं तरी कापायला योग्य जागा त्या बापड्याला सापडलीच नसती. पुढच्या वेळी मात्र ‘निगेटिव्ह न कापता गुंडाळून द्या’ असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. ६×९ असेल तर तसंही लिहा.

पुढचा रोल असा करा: मास्क नाही, तर ८ च फोटो. एक खिडकी धरा आणि शेवटपर्यंत तीच. दुसरीवर काळी चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे मोह नको. लाल काच जुन्या फिल्मना चालायची, कारण त्यांना लाल उजेड दिसतच नसे. तुमच्या एचपी फाइव्हला दिसतो. म्हणून आकडा बघताना सावलीत उभं राहायचं आणि बघून झालं की खिडकीही झाकायची.

एक विचारतो. घरी आजोबांचे जुने फोटो आहेत का? छोटे, पांढऱ्या कडेचे? असतील तर तेही मोजा. त्या काळी घरोघरी एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) नसे, निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याला तेवढाच फोटो काढत. अल्बममधला फोटो मोजला की निगेटिव्ह मोजल्यासारखंच.

लेस्टरचा_पाऊस

मस्त धागा. मी इथे इंग्लंडात रविवारी कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) फिरतो, पाच-दहा पौंडात असे कॅमेरे मिळतात, बायको म्हणते आता झोपायला जागा ठेव. नावांवरून साइज ओळखायचा छंद लागलाय, म्हणून थोडी भर.

इंग्रजांचा एन्साइन सेलफिक्स सगळ्यात सरळ. ‘८२०’ म्हणजे १२० वर ८. ‘१२-२०’ म्हणजे १२. ‘१६-२०’ म्हणजे १६. झालं! ८२० मध्ये तर ६×६ साठी मास्क आतच बिजागरीवर आहेत, दाराच्या फळ्यांसारखे. हरवायचा प्रश्नच नाही.

झाइस इकॉनचं मात्र डोकं खाणारं. त्यांच्या इकोंटा कॅमेऱ्याच्या चामड्यावर बारीक नंबर दाबलेला असतो. नुसता ५२१ म्हणजे ४.५×६. ५२१/२ म्हणजे ६×९. आणि ५२१/१६? मला वाटलं १६ फोटो. हौसेने घेतला, घरी येऊन उघडला, आत चौकोन! /१६ म्हणजे त्यांच्याकडे ६×६. सेलफिक्सचे १६ आणि झाइसचे १६ यांचा काडीचा संबंध नाही. त्यावर कडी म्हणजे सुपर इकोंटा ५३२/१६. त्यात मोजणी आपोआप होते, पण फोटो येतात ११. बारा नाही, सोळा नाही, अकरा. आमच्याकडे हे अकराचं भूत नांदतंय.

नवशिका

माझा पण प्रश्न इथेच विचारू का? माझ्याकडे काकांचा कोडॅक आहे, पुढे ‘सिक्स-२०’ लिहिलंय. १२० चा रोल आणला तर आत बसतच नाही, थोडक्यासाठी अडकतो. जोर लावू का?

लालदिवा

अजिबात नको!

तो ६२० आहे. फिल्म तीच, रुंदी तीच, आकड्यांचा कागदही तसाच, फक्त रीळ वेगळं. दांडी बारीक आणि दोन्हीकडच्या चकत्या लहान. कोडॅकने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काढलं आणि १९९५ मध्ये बंद केलं. म्हणजे निगेटिव्ह बहुतेक ६×९ चीच येईल, पण १२० चा रोल ६२० च्या रिळावर गुंडाळून घ्यावा लागेल. पूर्ण अंधारात, हातांच्या अंदाजाने. आधी एखादा वाया गेलेला रोल घेऊन उजेडात दहा वेळा करा. फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते. गुंडाळता गुंडाळता त्या टोकाला पोहोचलात की तिथे फुगा येतो, पट्टी अलगद उचलून सपाट करून परत चिकटवा. काहीजण १२० च्या चकत्या कात्रीने कातरतात, काही कॅमेऱ्यांत ते चालतंही. मला ते बघवत नाही.

आत रिकामं ६२० चं रीळ असेल तर ते सोन्यासारखं जपा. रोल धुवायला देताना ‘रीळ परत हवं’ सांगायला विसरू नका, नाहीतर लॅबवाले टाकून देतात.

आणि काकांच्या कॅमेऱ्यावर सिक्स-२० ऐवजी ‘सिक्स-१६’ निघालं तर मोजणं सोडा. ती ७० मिलिमीटर रुंद फिल्म, निगेटिव्ह साधारण साडेसहा बाय अकरा. तो रोल आता येत नाही.

सुईदोरा

उशीर झाला, लग्नसराईची कामं होती. पण जे सांगायचंय ते ऐका.

अल्बम आईकडे होता. काळी जाड पानं, कोपऱ्यात खाचा पाडून बसवलेले फोटो. तुम्ही म्हणालात तसे मोजले, पांढरी कड सोडून फक्त चित्र. दोनच मापं निघाली. १४ फोटो ८४ × ५६. आणि ३१ फोटो ५६ × ४२!

एवढंच नाही. मोठे सगळे आडवे: घाट, पूर आलेली कृष्णा, पाचगणीच्या रस्त्यावरची बस. लहान सगळे उभे: माणसं. एकटी माणसं, खांद्यापर्यंत. आजी, पणजी, शेजारचे मास्तर, पाळण्यातली माझी आई. लहानपणापासून हा अल्बम पाहिलाय आणि हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. मला वाटायचं लहान फोटो कुठल्यातरी स्टुडिओतले असतील.

म्हणजे आजोबांकडे ती पत्र्याची चौकट होती, बरोबर? आणि ते वाटेल तेव्हा घालायचे-काढायचे का?

लालदिवा

होती. नक्की होती.

पण वाटेल तेव्हा नाही. मास्क फिल्मच्या खाली, आतल्या चौकोनात बसतो. रोल भरायच्या आधीच ठरवायचं, हा रोल १६ चा की ८ चा. मधे पाठ उघडली तर फिल्मला उजेड लागतो. म्हणजे आजोबा रोल भरतानाच ठरवत: हा माणसांचा, हा नदीचा. अल्बमात एकाच दिवसाचे, एकाच कपड्यांतले फोटो एकाच मापाचे आहेत का बघा.

आणि माणसं उभी का, हेही त्यातच आहे. कॅमेरा आडवा धरला की फिल्म आडवी धावते. ८४ चा चौकोन असेल तर चित्र आडवं. ४२ केलं की रुंदी कमी झाली, उंची ५६ तशीच, चित्र आपोआप उभं. कॅमेरा न वळवता. शिवाय लेन्स तीच १०.५ राहते. ४.५×६ ला नेहमीची लेन्स सात-साडेसात सेंटीमीटरची, म्हणजे ही त्याला लांब पडते. दूर उभं राहून चेहरा भरतो, नाक मोठं दिसत नाही. स्टुडिओसारखे वाटले ते उगाच नाही.

१६ काढणं स्वस्त पडत असे हे खरंच. पण तुमच्या आजोबांनी नुसती काटकसर केलेली दिसत नाही.

मास्क शोधा. मॅट काळा, पातळ पत्रा, पोस्टाच्या पाकिटापेक्षा लहान. केसच्या अस्तरात, जुन्या पाकिटांत, पत्त्यांच्या डब्यात.

सुईदोरा

सापडला.

केसचं अस्तर उसवलं, काही नाही. माळा पुन्हा उपसला, काही नाही. मग मी दुकानात बसून आईला समजावत होते, अशी अशी काळी पत्र्याची चौकट, मधे भोक. आई म्हणाली, ‘अगं, चोरखिशाची पट्टी?’

आमच्या शिवणाच्या डब्यात, जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हो, एक काळी पट्टी आहे. आजी परकराला चोरखिसा लावायची, पैसे ठेवायला. पट्टी कापडावर ठेवायची, बाहेरच्या कडेने खडू फिरवायचा, खिसा आखून तयार. आजीनंतर आईने वापरली. मी स्वतः दहावीच्या सुट्टीत शिवण शिकताना तीच वापरलीय! मधलं भोक कशाला, असं एकदा विचारलं होतं तर आई म्हणाली, धरायला बरं पडतं.

मोजलं. भोक ४२ × ५६. कॅमेऱ्यात ठेवली. टक् करून बसली.

आईने आधी तोंडाला पदर लावला आणि मग म्हणाली, बाबा चौकट शोधत होते ते आठवतंय, आजीने घेतली हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. अल्बमच्या शेवटच्या पानांवर लहान फोटो नाहीत. सगळे मोठे, आडवे. शेवटच्या दोन पानांवर तर माणसंही आडव्या फोटोतच, बाजूला एवढी मोठी रिकामी भिंत.

आता सांगा, हिला खडूची पुटं चढली आहेत आणि एका कडेवरचा काळा रंग उडालाय. तशीच वापरू?

लालदिवा

आजीला माझा नमस्कार सांगा, जिथे असतील तिथे.

तशीच नको. खडूचे कण फिल्मवर बसले की फोटोत काळे ठिपके येतील. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, जुना मऊ टूथब्रश, मग पंख्याखाली नाही, कापडाने टिपून पूर्ण कोरडी करा. पंखा धूळ आणतो. नंतर मधल्या भोकाच्या चारही कडांवरून बोट फिरवा. सुई-कात्रीचा ओरखडा लागून कुठे बारीकसा काटा उभा राहिला असेल तर तो फिल्मवर रोलभर रेघ ओढत जाईल. काटा लागला तर सगळ्यात बारीक पॉलिश पेपरने, अगदी हलक्या हाताने. उडालेल्या रंगावर मॅट काळा रंग, चकचकीत नको, आणि वाळायला दोन दिवस द्या. रुळांवर टेकणाऱ्या बाजूला रंगाचा जाड थर जाऊ देऊ नका.

मास्क घातला की व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं तेवढं सगळं येणार नाही. डावी-उजवीकडून मिळून निम्मं कापलं जाईल असं धरा आणि माणूस बरोबर मधोमध ठेवा. आजोबांचे फोटो मधोमध आहेत ना?

सुईदोरा

सगळे मधोमध आहेत.

धुतली, टिपली, एका कोपऱ्यात काटा होता तो घासला. रंग आणायला उद्या साताऱ्याला जाईन.

आईने मात्र अट घातलीय. फोटो काढून झाले की पट्टी परत डब्यात. चोरखिसे अजून शिवायचे आहेत.

लेस्टरचा_पाऊस

पुठ्ठ्याची एक प्रत कापून डब्यात टाका ना ताई, आणि खरी कॅमेऱ्यातच ठेवा!

सुईदोरा

कापून दाखवली. म्हणाली, पुठ्ठ्याची कड मऊ पडते, खडूची रेघ सरळ येत नाही.